जुन्या स्पोर्ट्‌स कारची पकड : रबर आधी, स्प्रिंग नंतर

लेखमाला : चाके आणि रस्ता – लेखांक ६

मागच्या लेखांकात ब्रेकचा विचार करताना एक गोष्ट पक्की झाली : ब्रेक चाकाला अडवतो, पण गाडीला थांबवतो तो टायर. वळणाच्या बाबतीतही हेच खरे आहे. स्टिअरिंग, स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर, आर्म आणि बुश हा सगळा पसारा एकाच कामासाठी असतो. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग नीट टेकलेला राहावा आणि त्याच्यावर योग्य तेवढाच भार यावा, हे ते काम. ही साधी गोष्ट नजरेआड झाली की जुनी स्पोर्ट्‌स कार सुधारण्याच्या नावाखाली बिघडते. या आठवड्यात त्यासाठी एक ठरावीक गाडी समोर ठेवू : माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि १९९७ पर्यंत बनत राहिली. तिच्या सगळ्या पिढ्या मिळून एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा पार झाला. ती मुबलक आणि परवडणारी असल्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यावर हरतऱ्हेचे प्रयोग केले. त्यांचा नेहमीचा क्रम असा असतो : आधी गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंग, मग मोठी चाके, मग रुंद टायर, आणि पैसे उरले तर बाकीचे. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा करायला हवा, आणि त्यासाठीचा पुरावा त्या गाडीच्या रचनेतच आहे.

मूळ गाडी काय होती ते आधी पाहू. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने तिचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास राखले. इंजिन १.६ लिटरचे, पुढच्या आसाच्या मागे सरकवलेले. दोघे जण बसल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखा भार पडावा, अशी मांडणी. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, ज्यामुळे गाडी झुकली तरी चाक रस्त्याशी फारसे तिरपे होत नाही. आणि एवढ्या खटाटोपानंतर टायर बसवला तो १८५/६० आर १४ इतका साधा. या टायरमुळे गाडी किती वेगाने वळू शकते याची मर्यादा खाली आली. पण त्या मर्यादेजवळ पोचताना गाडी चालकाला आधी सूचना देते, आणि मर्यादा ओलांडली तरी हळूहळू घसरते, सावरायला वेळ देते. पकड किती आहे हा एक प्रश्न. ती कशी संपते हा दुसरा. हाताळणीचे सुख दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते, आणि सुधारणा करणाऱ्याचे लक्ष बहुतेक वेळा पहिल्यावरच खिळलेले असते.

आता तीस-पस्तीस वर्षांनंतर या गाडीत काय उरते? लोखंडी आर्म गंजले नसतील तर जवळपास तसेच असतात. स्प्रिंगही बऱ्यापैकी टिकते. झिजते ते रबर आणि तेल. आर्मच्या टोकांचे बुश भेगाळतात, सैल होतात. ते सैल झाले की ब्रेक मारताना किंवा वळताना चाकाची दिशा अंशाच्या छोट्या भागाने आपोआप बदलते, आणि चालकाला वाटते की गाडी भरकटते आहे. शॉक अब्सॉर्बरमधले तेल आणि सील दमतात, त्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर चाक एकदा बसून थांबण्याऐवजी दोनतीनदा उडते. उडालेल्या क्षणी पकड नसते. टायरची गत सर्वांत फसवी. हौशी माणसाची गाडी वर्षाला फार धावत नाही, म्हणून नक्षी शाबूत असते; पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबर कडक होत जाते आणि ओल्या रस्त्यावर ते आधी उघडे पडते. टायरच्या कडेवर कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे पाहावेत : २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांनंतर बदलावा, असा मिशेलिनसारख्या उत्पादकांचाच सल्ला आहे. अशा गाडीत कडक स्प्रिंग घातल्या की नव्या भागाचे जादा बळ थेट थकलेल्या बुशवर आणि कडक झालेल्या टायरवर पडते. मालकाला फरक जाणवतो, पण तो कडकपणाचा असतो, पकडीचा नसतो.

म्हणून पहिला खर्च टायरवर. इथे काळ आपल्या बाजूने आहे. सिलिका मिसळलेले रबर मिशेलिनने १९९२ मध्ये बाजारात आणले आणि त्यानंतर ओल्या रस्त्यावरची पकड आणि टायरचे सहज फिरणे या दोन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये मिळू लागल्या. १९८९ च्या गाडीला ही सोय नव्हती. त्यामुळे मूळ मापाचाच, पण आजच्या रबराचा चांगला टायर घातला, तरी ती सुधारणाच ठरते. माप बदलावे लागत नाही. चारही टायर एकाच जातीचे आणि एकाच वेळी घ्यावेत. दोनच घेणे भाग पडले तर नवे मागे बसवावेत, कारण छोट्या, मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीचे शेपूट सुटले तर सावरायला फार थोडा वेळ मिळतो. आणि हवेचा दाब मूळ शिफारशीपासून सुरू करावा. या गाडीसाठी तो २६ पीएसआय आहे. पंपावर सवयीने ३५ भरला तर काय होते याचा हिशेब सोपा आहे. चालकासह गाडी १००० किलो धरली तर प्रत्येक चाकावर २५० किलो. २६ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८ किलो, तेव्हा रस्त्याला टेकलेला भाग साधारण १४० चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाहून थोडा मोठा. ३५ पीएसआयला तोच भाग शंभराच्या आसपास उतरतो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण दिशा स्पष्ट आहे. एक पैसा खर्च न करता एवढी पकड मिळते किंवा जाते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : मग रुंद टायर घातला तर टेकणारा भाग आणखी वाढेल, त्यात वाईट काय? वरच्या हिशेबातच उत्तर आहे. भार तोच आणि दाब तोच असेल तर क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. फक्त त्याचा आकार बदलतो. लांबट पट्ट्याऐवजी आडवा, आखूड पट्टा मिळतो. कोरड्या, सपाट रस्त्यावर याचा फायदा होतो हे खरे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण आडवा पट्टा चाकाच्या तिरपेपणाबाबत जास्त हळवा असतो, साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि अशा टायरची बुटकी, कडक भिंत पकडीच्या शिखरावर चटकन पोचवून तितक्याच चटकन खाली सोडते. मूळ गाडीचा आधी इशारा देण्याचा गुण इथेच हरवतो. शिवाय मोठे चाक जड असते. माझदाचे मूळ १४ इंची मिश्रधातूचे चाक साडेपाच किलोच्या आसपास होते. त्याजागी १७ इंची चाक आणि त्याचा टायर आले की स्प्रिंगच्या खालचे वजन वाढते, आणि खड्ड्यातून वर आलेल्या त्या जड चाकाला पुन्हा रस्त्यावर बसवणे शॉक अब्सॉर्बरला कठीण जाते. चाक बाहेर सरकवलेल्या मापाचे असेल तर स्टिअरिंगला झटकेही बसू लागतात.

दुसरा मोह गाडी खाली बसवण्याचा. त्याचाही हिशेब मांडू. वळताना भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि किती सरकेल हे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधले अंतर यांवर ठरते. १००० किलोची गाडी, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराचे वळण, अर्धा मीटर उंचीचा गुरुत्वमध्य आणि १.४ मीटरचे अंतर धरले तर सुमारे २८५ किलो भार सरकतो. आतल्या बाजूला २१५ आणि बाहेर ७८५ किलो राहतात. भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून हा भार जितका सरकेल तितकी एकूण पकड घटते. आता गाडी २५ मिलिमीटर खाली बसवली तर सरकणारा भार २७० किलोच्या आसपास येतो. फायदा १५ किलोंचा, म्हणजे पाच टक्क्यांचा. स्प्रिंग कडक केल्याने तर एकूण आकड्यात जवळपास काहीच बदलत नाही. गाडी कमी झुकते, पण भार तेवढाच सरकतो. या पाच टक्क्यांसाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे. छोट्या गाडीत चाकाला वर जायला मुळातच मोजकी जागा असते. त्यातली २५ मिलिमीटर आधीच खर्च झाली की ऐन वळणात खड्डा येताच शॉक अब्सॉर्बर बंप स्टॉपच्या रबरावर आदळतो, तेवढ्या क्षणापुरती स्प्रिंग कित्येक पटींनी कडक झाल्यासारखी वागते, आणि गाडीचे ते टोक घसरते. शिवाय आर्मचे मूळ कोन बदलल्याने चाकाचा तिरपेपणा राखण्याचे गणितही बिघडते. डबल विशबोनसाठी माझदाने केलेला खर्च मालकच वाया घालवतो.

स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांचा संबंधही असाच अतूट आहे. स्प्रिंग ५० टक्क्यांनी कडक केली तर गाडीची डोलण्याची गती सुमारे २२ टक्क्यांनी वाढते, आणि तोच जुना शॉक अब्सॉर्बर तिला आवरायला १८ टक्क्यांनी अपुरा पडतो. म्हणून फक्त स्प्रिंग बदलणे हा सर्वांत वाईट व्यवहार. उलट मूळ स्प्रिंग ठेवून कोनी किंवा बिल्स्टाइनसारखा चांगला शॉक अब्सॉर्बर घातला, तर गाडी मऊच राहते, पण तिचा डोल एका हालचालीत थांबतो. स्प्रिंग बदलायचीच असेल तर थोडीच कडक घ्यावी, उंची मूळची किंवा तिच्या जवळची ठेवावी, आणि शॉक अब्सॉर्बर तिच्याशी जुळणारा असावा.

टायर आणि स्प्रिंग यांच्या मध्ये येते ते सर्वांत दुर्लक्षित काम : बुश आणि अलाइनमेंट. नवे रबरी बुश बसवताना आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे कसू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, ती नेहमीच्या उंचीला बसल्यावर कसावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पॉलियुरेथेनचे बुश जास्त कडक असतात आणि स्टिअरिंगला धारदार करतात, पण त्यांना वेळोवेळी ग्रीस लागते. ते अडकले तर आर्मची सहज हालचाल थांबते. त्यानंतर अलाइनमेंट. या गाडीत पुढच्या चाकांचा कॅम्बर (उभ्या चाकाचा तिरपेपणा) आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागचा कल), मागच्यांचा कॅम्बर आणि टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) हे सगळे विकेंद्री बोल्ट फिरवून बदलता येते. छोट्या गाडीत क्वचित मिळणारी ही सोय आहे. पण ते बोल्ट गंजून जाम झाले की अलाइनमेंटवाला पुढचा टो तेवढा जुळवून गाडी परत देतो. ते मोकळे करून चारही चाकांचे माप नीट जुळवले तर नव्या टायरची किंमत खऱ्या अर्थाने वसूल होते.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा की शर्यतीच्या गाड्या तर बुटक्या आणि कडकच असतात. त्या तशा असतात, कारण त्यांचा रस्ता गुळगुळीत असतो, टायर फार चिकट असतात, आणि वेगात वाहत्या हवेने रस्त्याकडे दाबल्या जाणाऱ्या गाड्यांना तर जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये राखावी लागते. सार्वजनिक रस्त्यावर यातले काहीच लागू नाही. शिवाय उघड्या छताच्या जुन्या गाडीचा सांगाडाच फार ताठ नसतो. १९९३ मध्ये १.८ लिटरचे इंजिन आणताना माझदाने स्वतःच सांगाड्याला जादा आधार दिले. ज्या सांगाड्यावर स्प्रिंग टेकते तोच वाकत असेल, तर स्प्रिंगचा कडकपणा कोणाच्या कामी येणार? दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा : मग काहीच बदलू नये का, गाडी संग्रहालयात ठेवायची का? तसे माझे म्हणणे नाही. आजचे रबर, आजचा शॉक अब्सॉर्बर, गाडीचे झुकणे आवरणारा अँटी-रोल बार थोडा जाड, थोडा जास्त कॅम्बर हे सगळे बदलच आहेत. पण ते मूळ संतुलन ओळखून केलेले आहेत, आणि एका वेळी एकच केले तर कोणाचा परिणाम काय झाला हे कळते. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली, तेव्हा ब्रिजस्टोनने मूळ १८५/६० आर १४ मापाचा एसएफ३२५ टायर तिच्यासाठी नव्याने बनवला. ज्यांनी गाडी घडवली त्यांनी तिची ओळख टायरच्या मापापासून सुरू केली. याहून बोलका पुरावा शोधायची गरज नाही.

तेव्हा क्रम असा ठरतो : टायर आणि त्यांचा दाब, मग बुश आणि सांधे, मग शॉक अब्सॉर्बर, मग चारही चाकांचे अलाइनमेंट, आणि हे सगळे होऊन गाडी काही महिने चालवल्यावरही काही उणे वाटले तरच स्प्रिंग. हा क्रम पाळणाऱ्या अनेकांना शेवटच्या पायरीची गरजच उरणार नाही, आणि वाचलेला पैसा ते पुढच्या टायरांवर खर्च करू शकतील. जुनी गाडी जपण्याचा अर्थ तिच्या रचनेमागचा विचार समजून घेणे असा मी मानतो. तो समजला की कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे आपोआप ठरते. पुढच्या लेखांकात आज फक्त ओझरता उल्लेख झालेला भाग घेऊ : अँटी-रोल बार जाड-बारीक करून गाडीचे नाक आणि शेपूट यांच्यातली पकड कशी वाटून देता येते.