बुलविंकलबाईंचा गणवेश

सपाट तळपायांच्या सबबीवर हवाई दलाने नाकारलेल्या व्हिव्हियन बुलविंकल (१९१५–२०००) १९४१ साली ऑस्ट्रेलियन भूसेनेच्या परिचारिका दलात रुजू झाल्या. त्याच पायांनी त्यांनी पुढे साडेतीन वर्षांची जपानी कैद सोसली. सिंगापूरच्या पाडावापूर्वी ६५ परिचारिकांना घेऊन निघालेले ‘व्हायनर ब्रुक’ जहाज १४ फेब्रुवारी १९४२ रोजी बॉम्बहल्ल्यात बुडाले, आणि दोनच दिवसांनी, बांका बेटाच्या किनाऱ्यावर, शरण जाण्यास सिद्ध असलेल्या २२ परिचारिकांना समुद्रात चालत जाण्याचा हुकूम देऊन मागून गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा एकट्या बुलविंकलबाईच वाचल्या. कमरेजवळून आरपार गेलेल्या गोळीचे गणवेशावरील छिद्र त्यांनी पुढे पुन्हा शरण जाताना पाण्याच्या बाटलीने झाकले, कारण त्या हत्याकांडास साक्षीदार उरला आहे, हे उघड होणे म्हणजे मृत्यूच होता.

त्या ६५ जणींपैकी २४ मायदेशी परतल्या. १९४६ साली टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायासनापुढे बाईंची जबानी नोंदली गेली. पुढे मेलबर्नच्या फेअरफील्ड संसर्गजन्यरोग रुग्णालयात त्यांनी परिचारिकाप्रमुखपद भूषविले. १९९३ साली मृत परिचारिकांच्या स्मारकाच्या अनावरणासाठी त्या पुन्हा बांका बेटावर गेल्या. तो गणवेश कॅनबेरा येथील युद्धस्मारकात जतन केलेला असून, २०२३ पासून तेथेच त्यांचा पुतळाही आहे.