डायनोसॉरांच्या नावांतला भारत

‘टायरॅनोसॉरस रेक्स’ हे नाव शहरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलालाही तोंडपाठ असते. हा प्राणी उत्तर अमेरिकेतला. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या ‘इसिसॉरस’चे नाव त्या मुलाच्या आईवडिलांच्याही कानावर आलेले नसते. भारतात डायनोसॉरांचे अवशेष मुबलक सापडले आहेत आणि त्यांची नावे नुसती वाचली, तरी स्थळ, काळ आणि संशोधक यांचा बराच इतिहास उलगडतो.

कोणत्याही प्राण्याचे शास्त्रीय नाव दोन पदांचे असते. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. डायनोसॉरांच्या प्रजातिनामात शेवटी बहुधा ‘सॉरस’ येते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरडा. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ‘डायनोसॉर’ हा शब्द रूढ केला, तो ‘भयंकर सरडा’ या अर्थाने. मात्र भारतातील पहिली डायनोसॉर-हाडे त्याआधीच हाती लागली होती. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीवर ती मिळाली. ती कोणाची, हे ओळखण्याचे साधनच तेव्हा नव्हते. पुढे १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. टायटन हे ग्रीक पुराणातील महाकाय देव आणि ‘इंडिकस’ म्हणजे भारतातला.

या नावाचे पुढे जे झाले, ते बोधप्रद आहे. दक्षिण अमेरिकेपासून युरोपपर्यंत मिळालेल्या अनेक हाडांना ‘टायटॅनोसॉरस’ म्हटले जाऊ लागले. २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी या साऱ्यांची फेरतपासणी केली. लायडेकर यांनी ज्या खुणांवरून ही प्रजाती वेगळी ठरवली, त्या खुणा मधल्या काळात इतर अनेक प्रजातींतही आढळल्या होत्या. परिणामी मूळ नाव संशयास्पद ठरले. त्यावरून पडलेले ‘टायटॅनोसॉर’ हे गटाचे नाव मात्र जगभर टिकून आहे.

डोंगरगावच्या सांगाड्याचे नाव याच तपासणीत बदलले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी तो खोदून काढला होता आणि १९९७ साली सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटले होते. हा प्राणी निराळा असल्याचे दिसताच त्याला स्वतंत्र प्रजातिनाम मिळाले. संस्थेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे आय, एस, आय, त्यांवरून ‘इसिसॉरस’. जातीच्या नावातून अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ एडविन कोलबर्ट यांचे स्मरण कायम राहिले. स्वतः जैन यांच्या नावानेही जबलपूरची एक शाकाहारी प्रजाती ‘जैनोसॉरस’ म्हणून ओळखली जाते.

याच संस्थेने गोदावरीकाठच्या पोचमपल्ली गावाजवळ एका शाकाहारी डायनोसॉराची कित्येक हाडे मिळवली. मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर लांबीचे होते. त्यावरूनच १९७५ साली नाव ठरले ‘बरापासॉरस’. यातील ‘बरा पा’ म्हणजे ‘मोठा पाय’. जातीचे नाव ‘टागोरी’, कारण १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष उत्खननाच्या काळातच आले होते. हा प्राणी जुरासिक कालखंडाच्या पूर्वार्धातला, म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा. ज्या खडकांत तो सापडला, त्यांचे ‘कोटा’ हे नाव गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून आले आहे.

इसिसॉरस आणि बरापासॉरस यांच्यात सुमारे बारा कोटी वर्षांचे अंतर आहे, म्हणजे इसिसॉरस आणि आपण यांच्यातील अंतराच्या जवळपास दुप्पट. बरापासॉरसच्या काळी भारत दक्षिणेकडील गोंडवन महाखंडाचा भाग होता. इसिसॉरसच्या काळी तो त्यापासून तुटून उत्तरेकडे सरकत होता आणि दख्खनच्या लाव्ह्याचे उद्रेक जवळ येऊन ठेपले होते. गुजरातमधील रैयोली येथे सापडलेला, कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला मांसाहारी ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ याच अखेरच्या काळातला. त्याचे नामकरण २००३ साली झाले. मादागास्करच्या ‘माजुंगासॉरस’शी त्याचे जवळचे नाते आहे. ही दोन्ही भूमी एकेकाळी जोडलेली होती, याला हे नाते साक्ष आहे.

नाव देण्याचे नियमही कडक आहेत. दोन प्राण्यांच्या प्रजातींना एकच नाव चालत नाही. शंकर चटर्जी यांनी १९८७ साली ट्रायासिक काळातील एका छोट्या डायनोसॉराला ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलिक वॉकर यांच्यावरून ‘वॉकेरिया’ म्हटले. नंतर लक्षात आले, की हे नाव एका सूक्ष्म जलचराला आधीच दिलेले आहे. तेव्हा ‘ॲलिक’मधील ‘ॲल’ पुढे जोडून ‘ॲलवॉकेरिया’ असे नवे नाव करण्यात आले.

नाव चुकले तर ते असे बदलता येते. हाडेच नष्ट झाली, तर मात्र उपाय उरत नाही. तमिळनाडूतील कल्लमेडू येथे मिळालेल्या अवाढव्य हाडांना १९८७ साली ‘बृहत्कायोसॉरस’ हे नाव देण्यात आले. बृहत् काया असलेला, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आरंभी तो मांसाहारी मानला गेला, नंतर लांब मानेच्या शाकाहारी गटात आला. जगातील सर्वांत मोठ्या भूचरांत त्याची गणना करणारे अंदाजही मांडले गेले. परंतु ती ठिसूळ हाडे भुगा होऊन गेली आहेत. आज हाती आहेत ती केवळ वर्णने, काही रेखाटने आणि छायाचित्रे. त्यामुळे हा दावा खरा की खोटा, हे मूळ हाडांवरून ताडून पाहता येत नाही.

याउलट हरवला असे समजला गेलेला ‘टायटॅनोसॉरस’चा मूळ मणका २०१२ साली कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. स्लीमन यांनी उचललेले हाड पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी नव्याने तपासता आले, कारण ते कोणीतरी सांभाळून ठेवले होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खडकांतून उद्या जे निघेल, त्याला नाव देणारे भेटतीलच. ते जपून ठेवणारी कपाटे आणि माणसे त्याआधी तयार असायला हवीत.