मजकूर-फाइल आणि वर्णसंकेत
कोपरखैरणे व शेजारची गावे यांची यादी पायथॉन भाषेतून फाइलीत लिहावयाची आहे असे समजू. फाइलीत जातात ते बाइट, अक्षरे नव्हेत. ‘कोपरखैरणे’ या नावात स्वरचिन्हे धरून युनिकोडची ९ चिन्हे आहेत. १९९१ च्या इस्की मानकाप्रमाणे त्यांस ९ बाइट पुरतात. यूटीएफ-८ मध्ये २७ लागतात. वाचताना भलताच संकेत योजल्यास मजकूर विद्रूप दिसतो खरा. तथापि मूळ बाइट शाबूत असल्याने नाव परत मिळते.

लिहितानाची चूक मात्र घातक होय. म्हणून फाइल उघडतानाच यूटीएफ-८ चा स्पष्ट निर्देश करावा. देवनागरी नसलेल्या संकेतात लिहू गेल्यास पायथॉन एरवी दोष दाखवून थांबते, आणि हे थांबणे हितावहच आहे. ते चुकविण्यासाठी ‘रिप्लेस’ हा पर्याय योजिला, की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह उमटते. मग तुर्भे आणि घणसोली या दोन्ही गावांच्या जागी सारखीच ६ प्रश्नचिन्हे उरतात.