मेमरी कार्डाचें आयुष्य

लग्नमुंजींचीं छायाचित्रें पूर्वीं आल्बमांत चिकटवीत. आतां तीं नखाएवढ्या मेमरी कार्डांत राहतात. कांहीं वर्षें कपाटांत जपलेलें असें कार्ड एके दिवशीं वाचेनासें झालें, म्हणजे घरांतील वडील मंडळी विचारतात, "न वापरतां तें बिघडलें कसें?" प्रश्न रास्त आहे, त्याचें उत्तर आम्ही येथें देत आहों.

या कार्डांतील स्मृति 'फ्लॅश' जातीची. जपानांतील तोशिबा कंपनीचे श्री. फुजिओ मासुओका यांनीं ती १९८४ सालीं जगापुढें मांडली; आजच्या कार्डांतील 'नॅन्ड' हा तिचा प्रकार १९८७ सालचा. तींत मजकूर विद्युत्कणांच्या रूपानें सूक्ष्म कोठड्यांत कोंडलेला असतो. नवें लिहिण्यापूर्वीं जुनें पुसावें लागतें, आणि तेंही कोठड्यांचा सबंध गट एकदम. प्रत्येक वेळीं विद्युत्कण कोठडीच्या रोधक भिंतींतून ये-जा करितात व ती किंचित् झिजते. कोठडींत एकच बिट ठेवणारी स्मृति हें सुमारें १,००,००० वेळां सोसते. तीन बिट दाटीनें ठेवणारी स्वस्त स्मृति हजार-तीन हजार वेळांतच थकते.

यावरील उपाय आमच्या वाचकभगिनींस परिचित आहे. रोज एकच पातेलें घांसलें तर त्याची कल्हई लवकर जाते. म्हणून सुगृहिणी भांडीं पाळीपाळीनें काढते. कार्डांतील नियंत्रक चिपही तेंच करिते. एकच फाइल शंभरदां बदलली तरी दर वेळीं ती कमी झिजलेल्या गटांत लिहिली जाते, आणि काय कोठें ठेवलें याची खतावणी ती चिप सांभाळते. चांगली चिप वर्षानुवर्षें न हाललेला मजकूरही अधूनमधून दुसरीकडे नेते, म्हणजे त्याखालचे ताजे गटही पाळींत येतात. गट निकामी झाल्यास राखीव गट त्याची जागा घेतो.

मात्र ही देखरेख वीज मिळे तोंवरच. कपाटांतील कार्डांतून विद्युत्कण हळूहळू झिरपत असतात; भिंत जितकी झिजलेली व उष्मा जितका अधिक, तितके लवकर.

म्हणून दारावरील कॅमेऱ्यांत सतत लेखनासाठींच केलेलें कार्ड घालावें. इतर कार्डें गच्च भरूं नयेत. जपावयाचें तें दोन-तीन ठिकाणीं उतरवून ठेवावें व वर्षांतून एकदां उघडून पाहावें.

आमच्या पेठेंतील शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला. पण पेशवे दप्तराचे मोडी कागद पुण्यांत आजही वाचतां येतात, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी सांभाळले. झीज वांटून देण्याचें काम चिप करील. सांभाळण्याचें काम घरच्यांनींच केलें पाहिजे.