चार तारे दिले, म्हणजे काय बिघडलं?

‘ताऱ्यांचा बाजार’ : लेखमाला, भाग ६

पैकीच्या पैकी गुण देताना मराठी माणसाचा हात आखडतो. निबंधाला दहापैकी दहा देणारे गुरुजी फारसे कुणी पाहिलेले नाहीत आणि दहावीला ८० टक्के मिळाले की घरात पेढे येतात. त्याच सवयीने, नवी मुंबईतल्या एखाद्या होमस्टेमध्ये दोन रात्री काढून घरी परतलेलं कुटुंब मोबाइलवर पाचपैकी चार तारे देतं, खाली ‘छान होतं’ असं लिहितं आणि विसरून जातं. घरमालक मात्र तो आकडा बघून दिवसभर आठवत बसतो : गिझर उशिरा तापला होता का? चादरीवर डाग राहिला होता का? पाहुण्यांनी पसंतीची पावती दिलेली असते आणि त्याला ती तक्रार वाटते. त्याचं हे वाटणं चुकीचंही नसतं.

मागच्या भागात टॅक्सीच्या ॲपवरचे तारे पाहिले. तिथे चालकाची आणि प्रवाशाची गाठ अर्ध्या तासाची असते. घराचं तसं नाही. घरात पाहुणा आंघोळ करतो, झोपतो, फ्रिज उघडतो आणि यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत बनवून जातो.

या भागासाठी ठिकाण घेऊ बोनकोडे. कोपरखैरणे स्टेशनपासून जवळचं हे आगरी-कोळ्यांचं गावठाण. राजकीय बातम्यांमुळे हे नाव अनेकांच्या कानावर आहे, कारण राजकीय नेते गणेश नाईक याच गावचे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. चहूबाजूंनी सेक्टर आणि प्लॉट नंबरांची आखीव वस्ती उभी राहिली आणि मधोमध जुनी गावठाणं आपापल्या वळणावळणाच्या गल्ल्यांसह तशीच राहिली. शेती गेल्यावर या गावांतल्या अनेक घरांनी वर मजले चढवले आणि खोल्या महिन्याच्या भाड्याने दिल्या. दिवसाच्या भाड्याने खोली देणं हे त्या धंद्याचं नवं रूप. सेक्टरातल्या सोसायटीत असं करायचं तर कमिटीची नाराजी आधी झेलावी लागते. गावठाणात घर आपलं, जिना आपला, गेटही आपलं.

पाहुण्यांची कमतरता नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोकिलाबेन रुग्णालय आहे, महापे आणि घणसोलीच्या बाजूला कंपन्या आहेत, नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानंही उडू लागली. यातला प्रत्येक पाहुणा वेगळ्या कारणाने येतो आणि तारे मात्र एकाच पट्टीवर देतो.

ती पट्टी कशी चालते? दिवसाच्या भाड्याने घरं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या ॲपवर पाहुणा आधी एकूण अनुभवाला तारे देतो. त्याशिवाय स्वच्छता, वर्णनाचा खरेपणा, चेक-इन, संवाद, ठिकाण आणि पैशाचा मोबदला अशा सहा गोष्टींना वेगळे. एकूण तारे ही या सहांची सरासरी नसते. सगळीकडे पाच देऊन एकूण चार देणारा पाहुणा असू शकतो, असतोही. अभिप्रायासाठी दोन्ही बाजूंना १४ दिवस मिळतात आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. आधी तसं नव्हतं. ‘तू मला पाच दे, मी तुला देतो’ हा व्यवहार मोडायला २०१४ मध्ये हा पडदा टाकला गेला.

आता आकडेमोड. ‘सुपरहोस्ट’ हा बिल्ला हवा असेल तर वर्षभराची सरासरी किमान ४.८ लागते. शिवाय ९० टक्के चौकशांना २४ तासांत उत्तर, एक टक्क्याहून कमी बुकिंग रद्द आणि वर्षात किमान दहा मुक्काम (किंवा मोठे मुक्काम असतील तर तीन बुकिंगमध्ये मिळून शंभर रात्री). तपासणी दर तीन महिन्यांनी. ४.८ वर टिकायचं तर एका चार ताऱ्यांमागे चार पाहुण्यांनी पूर्ण पाच द्यायला हवेत. तीन तारे पडले तर नऊ जणांनी. आणि कुणी रागाच्या भरात एकच तारा दिला तर तो भरून काढायला पाच-पाच ताऱ्यांचे १९ अभिप्राय लागतात. ज्याच्याकडे पन्नास खोल्या आहेत त्याला १९ अभिप्राय आठवड्या-दोन आठवड्यांत मिळून जातील. ज्याच्याकडे वरच्या मजल्यावरची एकच खोली आहे, महिन्याला चार-पाच बुकिंगं आहेत आणि त्यातले निम्मेच लोक अभिप्राय लिहितात, त्याचे आठ-नऊ महिने त्या एका ताऱ्याची भरपाई करण्यात जातात.

सगळेच पाचकडे झुकलेले असताना पट्टीचा उपयोग तरी काय? बोस्टन विद्यापीठातल्या जॉर्जिओस झेर्व्हास, डेव्हिडे प्रोसर्पिओ आणि जॉन बायर्स यांनी २०१५ मध्ये जगभरातल्या सहा लाखांहून अधिक एअरबीएनबी घरांचे तारे तपासले. जवळजवळ ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच होती आणि साडेतीनच्या खाली जवळपास कुणीच नव्हतं. ट्रिपॲडव्हायझरवरच्या हॉटेलांची सरासरी ३.८ होती. घरं हॉटेलांपेक्षा इतकी चांगली असतात असा याचा अर्थ नाही. जेवू घालणाऱ्या माणसाला तोंडावर नावं ठेवणं जगात सगळीकडेच जड जातं. परिणाम असा की पाच तारे ही शाबासकी उरलेली नाही, ती हजेरी झाली आहे, आणि चार तारे म्हणजे गैरहजेरीचा शेरा. गर्दीतून पुन्हा निवड करायला एअरबीएनबीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘गेस्ट फेव्हरेट’ हा आणखी एक बिल्ला काढला. सतत खाली राहिलेल्या घरांना आधी इशारा मिळतो, मग ती यादीतून जातात.

गंमत म्हणजे आपल्याकडे तारे आधीपासून होते, आणि ते वेगळं काही सांगत होते. पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलात जाऊन खोल्यांचं आकारमान, न्हाणीघरं, लिफ्ट, स्वयंपाकघर बघते आणि त्याप्रमाणे तारे ठरवते. तिथे तीन ताऱ्यांचं हॉटेल हे वाईट हॉटेल नसतं, मध्यम सोयींचं प्रामाणिक हॉटेल असतं. ॲपवर तीन तारे मिळालेल्या घरात मात्र कुणी पाऊल ठेवत नाही. एका पट्टीवर सोयी मोजल्या जातात, दुसरीवर अपेक्षाभंग. चिन्ह एकच असल्याने पाहुणा दोन्हींची गल्लत करतो आणि ‘पंचतारांकित थोडंच आहे हे’ असं म्हणत चार देतो.

बोनकोड्यासारख्या गावात सगळ्यात अवघड रकाना असतो ‘ठिकाण’. खोली चकचकीत ठेवता येते, गल्ली रुंद करता येत नाही. गाडी घरापर्यंत येत नाही, नकाशावरची खूण शेजारच्या गल्लीत नेऊन सोडते, घर क्रमांकांना सेक्टरसारखा क्रम नाही. लग्नसराईत शेजारी हळद असली की रात्री उशिरापर्यंत बँड आणि बेंजो. आगरी माणसाच्या दृष्टीने ती गावाची शोभा. पहाटेच्या विमानाची वेळ गाठायची असलेल्या पाहुण्याच्या दृष्टीने दोन ताऱ्यांची कपात. यात यजमानाने काय करावं? ‘ठिकाणा’चे तारे सुपरहोस्टच्या हिशेबात धरले जात नाहीत हे खरं, पण गल्लीवर चिडलेला पाहुणा एकूण तारे देताना ती चीड बाजूला ठेवत नाही.

त्यात एक मोह असतो. बोनकोडे हे नाव बाहेरच्या पाहुण्याला ठाऊक नाही, वाशी ठाऊक आहे. म्हणून जाहिरातीच्या मथळ्यात ‘वाशी’ घालण्याकडे कल असतो. बुकिंगच्या आधी ॲप घराचा नेमका पत्ता दाखवत नाही, अंदाजाचं एक वर्तुळ दाखवतं. पाहुणा इनऑर्बिट मॉलच्या आसपास असल्याच्या कल्पनेत येतो आणि गावठाणात उतरतो. मग फटका बसतो तो ‘वर्णनाचा खरेपणा’ या रकान्यात. आधीच ‘गावठाणातलं घर, गाडी शंभर पावलांवर थांबेल, लग्नसराईत आवाज असेल’ असं स्वच्छ लिहिणाऱ्याला बुकिंगं कमी मिळतील, पण आलेला पाहुणा तयारीने येईल. हा सल्ला यजमानांना कुणीही देतं. मे महिन्यात खोली रिकामी पडली की तो पाळणं किती कठीण, हे सल्ला देणाऱ्याला कळत नाही.

ताऱ्यांच्या हिशेबातली याहून मोठी विसंगती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अभिप्राय बुकिंगमागे एक असतो, रात्रींमागे नाही. समजा, रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आलेल्या कुटुंबाने २५ रात्री मुक्काम केला. घरमालकिणीने त्यांच्यासाठी मऊ भात करून दिला, रात्री रिक्षा शोधून दिली. त्यांचे पाच तारे म्हणजे एक अभिप्राय. त्याच खोलीत पुढे एक प्रवासी रात्री साडेबाराला आला, कुलुपाच्या पेटीचा आकडा चुकला, पाच मिनिटं गल्लीत उभा राहिला आणि पहाटे चारला विमानतळाकडे निघून गेला. त्याचे तीन तारे म्हणजेही एक अभिप्राय. वजन सारखंच. विमानतळ सुरू झाल्यावर एका रात्रीचे पाहुणे वाढतील, असं गृहीत धरून अनेकांनी खोल्यांवर खर्च केला असेल. पण या पाहुण्यांना घराचं कौतुक करायला वेळच नसतो. त्यांना लक्षात राहते ती फक्त अडचण.

दराचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, तेव्हा नवी मुंबईतल्या खोल्यांचे भाव आकाशाला भिडले. अशा रात्री तिप्पट भाडं घेणारा मालक पैसे कमावतो आणि ‘पैशाचा मोबदला’ या रकान्यात ते परत करतो. खोली तीच, गादी तीच. पाहुण्याने मोजलेले पैसे मात्र पंचतारांकित. ती कमाई किती खरी, हे पुढच्या तिमाहीची सरासरी लागल्यावर कळतं.

मोठ्या हॉटेलांना ही धाकधूक कमी. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी येल्प या संकेतस्थळावरच्या उपाहारगृहांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला : रेटिंग एका ताऱ्याने वाढलं की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसतो, साखळीतल्यांवर नाही. वाशीच्या फोर पॉइंट्स बाय शेरेटनमध्ये उतरणाऱ्याला पाटी बघून अंदाज येतो. बोनकोड्यातल्या खोलीची पाटी म्हणजे ते तारेच. आणि याच कारणाने तारे निव्वळ जाच आहेत असंही म्हणता येत नाही. ज्या गावाचं नाव ऐकलेलं नाही, तिथल्या अनोळखी घरात मुलाबाळांसह रात्री झोपायला नागपूरचं किंवा कोचीचं कुटुंब तयार होतं, ते या आकड्याच्या भरवशावर. दलालाच्या ओळखीवर चालणाऱ्या जुन्या भाडेपद्धतीत हे घडत नव्हतं.

दापोली-गुहागरच्या घरगुती मुक्कामवाल्यांना तुलनेने मोकळीक आहे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येणारी कुटुंबं असतात, बुकिंग फोनवर होतं, आणि ‘लाइट गेली होती’ म्हणून गूगलवर कुणी एक तारा दिला तरी पुढच्या दिवाळीचं बुकिंग अडत नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथल्या बोट्टो बिस्ट्रो या उपाहारगृहाने २०१४ मध्ये याहून पुढे जाऊन थट्टाच केली : येल्पवर आम्हाला एकच तारा द्या आणि पिझ्झावर २५ टक्के सूट मिळवा. लोकांनी हौसेने वाईट अभिप्राय लिहिले, धंदा चालूच राहिला. त्यांचं दार रस्त्यावर होतं, म्हणून हे जमलं. ॲपच्या आत ज्याचं दार आहे त्याने असं केलं तर दारच नाहीसं होईल.

बोनकोड्यातल्या यजमानाच्या हातात म्हणून जे उरतं ते बारीकसारीक आहे. अभिप्रायाखाली ३० दिवसांत जाहीर उत्तर देता येतं. पाहुण्याने नियम मोडले, पैसे मागितल्यावर सूड म्हणून तारे पाडले, असं दाखवता आलं तर अभिप्राय हटवण्याची विनंती करता येते. चांगल्या ताऱ्यांच्या बदल्यात सूट देऊ करणं मात्र निषिद्ध आहे. कायद्यातही थोडं काही आहे : ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच अभिप्राय लिहिणं वर्ज्य आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक ऐच्छिक म्हणून आणलं. दोन्हींचा रोख खोट्या अभिप्रायांवर आहे. बोनकोड्यातल्या यजमानाची अडचण खऱ्या अभिप्रायाची आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. ॲपवर फोटो आणि नाव बहुधा घरातल्या मुलाचं असतं, कारण इंग्रजीत उत्तरं तो देतो. ‘संवादा’चे तारे त्याचे. न्हाणीघर घासणं, पिलो कव्हर बदलणं, फरशीवरचा एकूण एक केस वेचणं हे काम सहसा त्याच्या आईकडे किंवा बायकोकडे असतं. ‘स्वच्छते’चे तारे तिचे, तिथे एक कमी पडला की घरात बोलणीही तीच खाते. २०२३ मध्ये राज्य सरकारने महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी ‘आई’ नावाचं धोरण आणलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. त्यासाठी व्यवसाय तिच्या नावावर असावा लागतो.

(पुढील भाग : दुकानदार, गूगलचा नकाशा आणि विकत मिळणारे तारे)