निळा रंग, तांबडा प्रकाश आणि हिरड्यांचा रोग

वयाच्या विसाव्या वर्षापासून जवळजवळ चाळीस वर्षे रोज सकाळी मशेरीने दात घासणारी माझी एक आतेबहीण गेल्या पावसाळ्यात गावाहून माझ्याकडे आली, ती हिरड्यांतून रक्त येते आणि खालची एक दाढ हलते अशी तक्रार घेऊन. आणि येतानाच तिने आपल्या दुखण्याचा इलाजही ठरवून आणला होता. "दादा, ती निळी शाई हिरडीत घालतात आणि वर तांबडा दिवा धरतात ना, तेवढं मला करवून दे," ती म्हणाली. "दात खरवडायचे नाहीत. खरवडले की चांगलेही हलायला लागतात." ह्या विषयात लोकांच्या मनात जे गैरसमज घर करून आहेत, ते बहुतेक सारे तिच्या ह्या एवढ्याशा बोलण्यात आले होते, आणि ते तिचे एकटीचे नसून चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचेही आहेत, असा माझा अनुभव असल्यामुळे त्यांचा खुलासा सावकाशीने करणे मला अगत्याचे वाटते.

आपल्याकडे ज्याला सरसकट पायरिया म्हणतात, त्या रोगाचे मूळ दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचणाऱ्या जीवाणूंच्या चिकट थरात असते. हा थर रोजच्या रोज निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात मुरून त्याचे किटण बनते, आणि त्या दगडासारख्या खडबडीत पृष्ठभागावर जीवाणूंना नवी वस्ती करण्यास आयतीच जागा मिळते. त्यांच्याशी झगडताना शरीराने चालविलेला दाह अखेर शरीराच्याच ऊतींवर उलटतो. हिरडी मुळापासून सुटते, तेथे एक खोल खिसा तयार होतो, आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजू लागते. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. चार व त्यापुढे गेली की रोगाची शंका घ्यावी. हे सर्व बहुधा काही न दुखता घडत असल्यामुळे दात हलू लागेपर्यंत माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

बहिणीला मी दंतवैद्याकडे नेले, तेव्हा डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची एक बारीक सळई तिच्या दाढेच्या कडेने अलगद खाली सोडली आणि ते सहायिकेला आकडे सांगू लागले: तीन, तीन, सहा. सहाच्या त्या जागी सळईवरचा काळा पट्टा हिरडीआड दिसेनासा झाला, आणि ती बाहेर काढताच तिच्यामागोमाग रक्ताचा थेंब वर आला. प्रत्येक दाताचे असे सहा ठिकाणी माप घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "मावशी, तुमचे दात किटणाने एकमेकांना चिकटून राहिलेत, म्हणून तुम्हांला घट्ट वाटतात. खाली हाड खचलंय. किटण काढलं की जे आधीच सैल आहे तेवढंच कळेल. आम्ही काही नवीन सैल करत नाही."

दात साफ केल्याने ते सैल होतात, ह्या समजुतीचे याहून नेमके निरसन मी कोठे ऐकलेले नाही. किटण निघाल्यावर दातांमध्ये फटी दिसतात, कारण त्या फटींतच किटण बसलेले असते. सूज उतरल्यामुळे हिरडी आक्रसते आणि दात लांब दिसू लागतात. उघड्या पडलेल्या मुळांना काही दिवस गार पाणी झोंबते. ही तिन्ही लक्षणे खरी आहेत, आणि त्यांची आगाऊ कल्पना रोग्याला न देणारा दंतवैद्य गैरसमजाला अंशतः कारणीभूत होतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तो दोष सांगण्यातला, उपचारातला नव्हे.

आता त्या निळ्या शाईकडे वळू. प्रकाश जंतूंना जाळतो, किंवा लेझरच्या उष्णतेने ते भाजून मरतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ह्या उपचारात वापरला जाणारा प्रकाश इतका सौम्य असतो की केवळ त्याच्याने जीवाणूंचे फारसे काही बिघडत नाही. आणि त्या मात्रेत नुसता रंगही, प्रकाशावाचून, बहुतांशी निरुपद्रवीच असतो. दोघांची गाठ प्राणवायूच्या सान्निध्यात पडली, तरच कार्य घडते. ती निळी शाई म्हणजे बहुधा मेथिलीन ब्ल्यू हा रंग. तो आपल्याला निळा दिसतो, तो त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातील तांबडा भाग तो स्वतः गिळून टाकतो म्हणून. त्यामुळे त्याला जागे करण्यास सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडाच प्रकाश लागतो. त्याचा भाऊबंद टोलुइडिन ब्ल्यू ६३० च्या आसपास, तर हिरवट इंडोसायनिन ग्रीन ८०० च्या पुढेमागे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला प्रतिसाद देतो. दंतवैद्याकडे दातांतील भरण घट्ट करण्यासाठी जो निळा दिवा असतो, तो ह्या निळ्या रंगांच्या कामी का येत नाही, याचा उलगडा यावरून व्हावा.

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपली ऊर्जा जवळच्या प्राणवायूच्या रेणूस देतो आणि त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन नावाचे त्याचे अतितीव्र रूप जन्मास येते. पाण्यात त्याचे आयुष्य अवघे काही मायक्रोसेकंद. तेवढ्या अवधीत तो मायक्रोमीटरच्या अंशाहून दूर जाऊ शकत नाही. म्हणून रंग जेथे चिकटला असेल तेथलेच आवरण, तेथलीच प्रथिने तो जाळतो. हे जाळणे रासायनिक आहे, त्यात तापण्याचा संबंध नाही. ह्या निळ्या रंगांच्या रेणूंवर धन विद्युत्भार आणि जीवाणूंच्या बाह्य आवरणावर ऋण विद्युत्भार असल्याने दोघांची सलगी सहज जमते.

ह्या विद्येचा इतिहासही विलक्षण आहे. म्यूनिक येथे हेर्मान फॉन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कार राब हा विद्यार्थी अक्रिडीन रंगाचा पॅरामेशियम ह्या सूक्ष्म प्राण्यांवरील परिणाम तपासत असता, तोच रंग, तेच प्रमाण, आणि तरीही प्राणी मरण्यास लागणाऱ्या वेळात मोठी तफावत, असे कोडे त्याच्यापुढे पडले. त्याचे उत्तर खोलीतील उजेडाच्या कमीअधिकपणात निघाले, आणि १९०० साली ते प्रसिद्ध झाले. मुखातील जीवाणूंवर हाच मार्ग चोखाळण्याचे पद्धतशीर काम १९९० नंतरच्या दशकात लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेत मायकेल विल्सन यांनी केले. मधली नव्वद वर्षे ही कल्पना दंतवैद्यकात फारशी फिरकली नाही, याला प्रतिजैविकांचा विजयकाळ हे एक कारण असावे, असे मला वाटते.

कोडासाठी बावची लावून उन्हात बसविण्याच्या आपल्या प्राचीन उपचाराकडे बोट दाखवून ही विद्या मूळची आपलीच, असेही कोणी म्हणतात. औषध आणि प्रकाश यांच्या संयोगाचा तो खरोखरच अभिमानास्पद दाखला आहे. पण बावचीतील सोरॅलेन हे द्रव्य अतिनील किरणांच्या साहाय्याने पेशीतील डीएनएशी बांधले जाते, त्यासाठी प्राणवायूची मध्यस्थी लागत नाही. दोन्ही विद्या एका छत्राखाली घालण्याने कोणाचाच गौरव होत नाही.

सर्वांत मोठा, आणि माझ्या मते खरोखर घातक, गैरसमज हा की रंग आणि प्रकाश असले म्हणजे दात खरवडण्याचे कारण उरत नाही. काचेच्या बशीत जीवाणू झपाट्याने मरतात हे खरे; परंतु सहा मिलिमीटर खोल खिसा म्हणजे काचेची बशी नव्हे. तेथे रक्त आणि स्राव सतत पाझरत असल्याने रंग पातळ होऊन वाहून जातो. जीवाणू सुटे नसून जाड थरात दडलेले असतात, आणि त्या थराच्या तळापर्यंत रंग पोचतोच असे नाही. खिशाच्या तळाशी प्राणवायूची चणचण असते, ज्याच्यावर सारी भिस्त तोच नेमका तेथे थोडा. आणि रंग फार घातला तर वरचाच रंग प्रकाश अडवून धरतो, म्हणून मिनिटा-दोन मिनिटांनी जादा रंग धुऊन मगच प्रकाशाचे बारीक टोक आत सोडावे लागते. हे सर्व साधले तरी किटण ते किटणच राहते. ते खनिज आहे. त्याला मारण्याजोगा जीवच नाही. ते हत्याराने उकरूनच काढावे लागते. म्हणूनच ह्या उपचाराला 'पूरक' म्हणतात, आणि ह्या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने जितके नुकसान होते, तितके ह्या उपचारातील दुसऱ्या कशानेही होत नसेल.

मग पूरक म्हणून तरी त्याची किती मातब्बरी? येथे पुराव्याचा निवाडा एकमुखी नाही, आणि तो जसा आहे तसाच वाचकांपुढे ठेवणे उचित. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, मुळांची सफाई करून जोडीला डायोड लेझरने हा उपचार केल्यास हिरडीची पकड सरासरी अर्ध्या मिलिमीटरने अधिक सुधारते असे आढळल्यावरून त्यास सौम्य अनुकूलता दर्शविली होती. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोन्टॉलॉजीने २०२० साली त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला. वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या समीक्षेने ५० चाचण्या आणि १४०७ रोगी यांचा धांडोळा घेतला, आणि फरक दिसला तरी तो रोग्याला जाणवावा इतका मोठा नाही, व जो दिसतो त्याची खात्रीही अत्यल्प, असा निष्कर्ष काढला.

चाचण्यांची संख्या ऐकून भारावून जाणाऱ्याने त्यांचा आकारही पाहावा. सर्वांत लहान चाचणीत दहा माणसे होती, सर्वांत मोठीत अठ्ठ्याऐंशी. पुष्कळ चाचण्यांत एकाच माणसाच्या तोंडाच्या एका बाजूला प्रकाश दिला आणि दुसरी तशीच ठेवली. ही युक्ती तुलनेस सोयीची खरी, पण दोन्ही बाजू एकाच लाळेत नाहत असल्याने एकीकडील परिणाम दुसरीकडे पाझरण्याची शक्यता उरतेच. कोठे रंग निराळा, कोठे प्रकाशाची तीव्रता निराळी, कोठे एकच बैठक तर कोठे चार. अशा पुराव्यावरून उपचार निरुपयोगी ठरत नाही. पण त्यावर जाहिरात उभारण्याइतका तो भक्कम नाही, आणि ह्या बाबतीत माझे मत युरोपच्या सल्ल्याकडे झुकते.

किरकोळ शंकांचा परामर्श थोडक्यात घेतो. रंगाने दात कायमचे निळे होत नाहीत. हिरडीवरील निळसर झाक थोड्या अवधीत निघून जाते. कर्करोगावरील प्रकाशोपचारात रंग शिरेतून दिल्यामुळे रोग्याला कित्येक आठवडे उन्हापासून जपावे लागते, तो नियम खिशात घातलेल्या थेंबभर रंगाला लागू नाही. मात्र रंगाची ॲलर्जी, जी-सिक्स-पीडी ह्या एन्झाइमची उणीव, किंवा मनोविकारावरील चालू औषधे असतील, तर ती आधी सांगावी. प्रतिजैविकांना सरावलेले जीवाणू ह्या उपचाराला सहसा सरावत नाहीत, कारण घाव एका ठिकाणी न बसता अनेक ठिकाणी एकदम बसतो. त्याचे हे वैशिष्ट्य मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि पुढील संशोधनाची आशा त्यातच आहे. झिजलेले हाड मात्र त्याने परत येत नाही. आणि एकदा प्रकाश घेतला की कायमची सुटका, हेही खरे नाही, कारण थर पुन्हा दुसऱ्याच दिवशी साचू लागतो.

माझ्या बहिणीला त्या डॉक्टरांनी प्रकाश दिला नाही. चार बैठकांत, जागा बधिर करून, त्यांनी प्रथम थरथरत्या यंत्राने आणि मग हाताच्या हत्याराने मुळे साफ केली. तिच्या रक्तातील साखर तपासून घेतली, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना बळ देतात. आणि मशेरीचा विषय न रागावता पण प्रत्येक भेटीत काढला. पहिल्या आठवड्यात गार पाणी झोंबते म्हणून ती रडकुंडीला आली होती. तीन महिन्यांनी पुन्हा सळई फिरली, तेव्हा सहाच्या बहुतेक जागा चारवर आल्या होत्या आणि रक्त दोनच ठिकाणी दिसले. खालच्या दाढेच्या मागची ती एक जागा अजून सहावरच आहे. तेथे हिरडी उघडून सफाई करायची, की आधी निळ्या रंगाचा प्रयोग करून पाहायचा, असे तिने स्वतःच डॉक्टरांना विचारले. "मावशी, मला तिथं उघडूनच पाहावं लागेल," ते म्हणाले. आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची ठरली.