कॅमेऱ्याला न दिसणारी लेन्स

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोली या गावात काय असेल, हे नावावरूनच ओळखता येतं ना? चिंचेची झाडं आणि मोर! सकाळी ऊन तापायच्या आत बांधाबांधावरून मोर दाणे टिपत हिंडत असतात. समजा, तुमच्यापासून ५० मीटरवर असाच एक मोर उभा आहे. तुमच्या हातात अगदी नवा डिजिटल कॅमेरा आहे. त्याला लावलेली टेलिफोटो लेन्स मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहे, धातूची आणि चांगली जड. तुम्ही बटण दाबता आणि कॅमेरा पडद्यावर लिहितो : लेन्स लावलेली नाही!

अरे, मग हे समोर दिसतंय ते काय आहे?

कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन त्याला सांगावं लागतं, ‘लेन्स नसली तरी फोटो काढ.’ मग तो निमूटपणे काढतो. नंतर फोटोची माहिती उघडली तर लेन्सच्या नावाची जागा रिकामी असते आणि छिद्राच्या आकड्याच्या जागी शून्य किंवा नुसत्या रेघा असतात. मोर मात्र फोटोत आलेला असतो, मानेच्या निळ्या चकाकीसकट.

गंमत कळली का? नव्या लेन्सच्या मागच्या बाजूला बारीक सोनेरी ठिपके असतात. त्यांतून वीज जाते आणि निरोपही जातात. ‘मी अमुक लेन्स आहे, माझं छिद्र एवढं उघडं आहे, आता मोटर फिरवते,’ असं ती कॅमेऱ्याला सतत कळवत असते. जुन्या लेन्समध्ये मोटर नाही, चिप नाही, ठिपकेही नाहीत. आहे ती काच, धातू आणि आतल्या आट्यांना लावलेलं थोडं ग्रीस. कॅमेऱ्याला निरोप आला नाही, म्हणून त्याला वाटलं की समोर कुणीच नाही. प्रकाशाचं मात्र निरोपावाचून अडत नाही. तो काचेत शिरला की वाकतो आणि जिथं जुळायचा तिथं जुळतो. १९७० सालीही तो असाच वाकत होता.

हे घरी करून बघा. दिवसा खोलीतले दिवे बंद करा आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ एक साधं भिंग धरून हळूहळू पुढं-मागं करा. एका ठिकाणी बाहेरचं झाड भिंतीवर उमटेल. रंगीत, चिमुकलं आणि उलटं! आता भिंग ते भिंत हे अंतर पट्टीनं मोजा. तेच त्या भिंगाचं नाभीय अंतर. जुन्या लेन्सवर कोरलेले १३५, २०० किंवा ३०० हे आकडे म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगितलेलं हेच अंतर.

हा आकडा मोठा असला की लांबचं मोठं का दिसतं? त्याचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. नाभीय अंतराला मोराच्या उंचीनं गुणायचं आणि मोर जितक्या लांब आहे त्या अंतरानं भागायचं. मान ताठ केलेला मोर एक मीटर उंच धरू. २०० गुणिले १ भागिले ५०, म्हणजे ४. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर मोराचं चित्र ४ मिलिमीटर उंच पडलं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर साधारण ६ मिलिमीटर असतं. त्याच मोराचं त्यात चित्र पडेल ०.१२ मिलिमीटरचं! सहलीहून आल्यावर मोबाइलमधला मोर ‘हा बघा, हा ठिपका’ असं सांगत का दाखवावा लागतो, ते आता कळलं.

बऱ्याच कॅमेऱ्यांमधला सेन्सर साधारण १६ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे आपला मोर फोटोच्या उंचीचा पाव भाग व्यापतो. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात ही उंची २४ मिलिमीटर होती, त्यात तोच मोर फक्त एक षष्ठांश दिसला असता. लेन्स तीच, मोराचं चित्रही त्याच ४ मिलिमीटरचं, फक्त चौकट लहान झाली. म्हणून छोट्या सेन्सरवर २०० ची लेन्स जुन्या ३०० च्या लेन्सएवढं काम करते. मला ही जुन्या लेन्सला मिळालेली फुकटची बढती वाटते.

आता पट्टी घेऊन ३०० ची टेलिफोटो लेन्स मोजलीत तर बहुतेक वेळा काचेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ३०० मिलिमीटरपेक्षा कमीच भरेल. हे कसं? पुढची भिंगं प्रकाश झपाट्यानं गोळा करतात. मागं अंतर्वक्र भिंगं बसवलेली असतात. ती त्या किरणांना जरा पसरवतात, म्हणून सेन्सरवरचं चित्र मोठं पडतं. लांबलचक नळीचं काम आखूड नळीत होतं. लंडनच्या थॉमस डॉलमेयर यांनी १८९१ मध्ये अशा लेन्सचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनीतही ही युक्ती सुचली होती. खरं तर अशा लेन्सलाच टेलिफोटो म्हणायचं. आपण मात्र लांबचं दाखवणाऱ्या सगळ्याच लेन्सना ते नाव देऊन टाकलंय.

मग कुठलीही जुनी लेन्स कुठल्याही नव्या कॅमेऱ्याला लागेल का? इथं मिलिमीटर हिशोब मागतो.

१९४९ मध्ये जर्मनीत एक कॅमेरा निघाला. त्याची लेन्स चक्क स्क्रूसारखी फिरवून बसवायची. स्क्रूची रुंदी ४२ मिलिमीटर. पुढं पूर्व जर्मनीतले प्राक्टिका, सोव्हिएत रशियातले झेनिट, जपानमधले पेन्टॅक्स अशा अनेक कॅमेऱ्यांनी हाच स्क्रू घेतला. या देशांचं आपसांत पटो न पटो, त्यांच्या लेन्स एकमेकांच्या कॅमेऱ्यांवर बसायच्या! रशियातल्या ताइर-३ या लेन्सचीही अशी स्क्रूची आवृत्ती होती. ती ३०० मिलिमीटरची. १९६५ पासून ती झेनिट कॅमेऱ्यासकट बंदुकीच्या दस्त्यावर बसवलेली मिळू लागली आणि तिचं नाव पडलं फोटोस्नायपर. दस्ता खांद्याला टेकवायचा, लेन्सखालचं चाक फिरवून फोकस करायचं आणि चाप ओढला की फोटो निघायचा.

या सगळ्या स्क्रूच्या लेन्सना सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरवरच बसावं लागतं. त्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा उभा असायचा. तो वर-खाली हलायला जागा हवी, म्हणून लेन्स एवढी पुढं. मिररलेस कॅमेऱ्यातून आरसाच गेला आणि लेन्सची बैठक मागं सरकली. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटर, कॅननच्या २० आणि निकॉनच्या १६. मग ४५.४६ वजा १८ किती? २७.४६! एवढ्या जाडीचं धातूचं कडं मध्ये बसवलं की झालं काम. त्याला ॲडॅप्टर म्हणतात. आत काच नाही, काही नाही, नुसती पोकळी.

पण निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. म्हणजे कडं न लावताच स्क्रूची लेन्स १.०४ मिलिमीटर जास्त पुढं राहते. एका मिलिमीटरनं असं काय होणार? खूप होतं! खूप लांबच्या वस्तूचं चित्र नेमकं नाभीय अंतरावर पडतं आणि वस्तू जवळ आली की चित्र मागं सरकतं. म्हणून जवळचं टिपायला आपण लेन्सवरची फोकसची कडी फिरवून भिंगं पुढं नेतो. लेन्स आधीच एक मिलिमीटर पुढं असेल, तर लांबचं पाहायला मागं जायला जागाच उरत नाही. ५० ची लेन्स मग अडीच मीटरच्या पलीकडचं स्पष्ट दाखवत नाही. २०० ची लेन्स सुमारे ३८ मीटरपर्यंत पोचते. आपला मोर तर ५० मीटरवर उभा! चष्मा विसरलेल्या मुलाला फळ्यावरचं अंधूक दिसावं, तसा तो लेन्सला दिसणार.

असो. आपण मिररलेस कॅमेरा घेतलाय, कडंही बरोबर बसलंय. फोकस मात्र आपल्याच बोटांनी करायचा आहे. इथं कॅमेरा एक छान मदत करतो. जिथं उजेड एकदम बदलतो, म्हणजे कडा धारदार असतात, ते भाग तो शोधतो आणि पडद्यावर लाल किंवा पिवळे रंगवतो. कडी फिरवत गेलं की हे रंग आधी गवतावर सरकतात, मग मोराच्या पायांवर आणि मग डोळ्यावर. डोळा रंगला की थांबायचं. मोर १० मीटरवर असेल आणि २०० ची लेन्स एफ/४ वर उघडी असेल, तर साधारण ४० सेंटिमीटरच्या पट्ट्यातलंच धारदार येतं. डोळा स्पष्ट, पण मागं लांबलेल्या पिसाऱ्याचं टोक धूसर. लेन्सच्या दुसऱ्या कडीनं छिद्र एफ/८ केलं की हा पट्टा दुपटीनं वाढतो.

एफ/८ म्हणजे काय? २०० भागिले ८, म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र. एफ/४ ला ते ५० मिलिमीटरचं होतं. कडीवर ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. प्रत्येक पायरीला टक् असा आवाज होतो आणि प्रकाश निम्मा होतो. पुढून लेन्समध्ये डोकावून कडी फिरवली तर आतली पाती मिटताना आणि उघडताना दिसतात. हे मला फार आवडतं. नव्या लेन्समध्ये हेच काम वीज करते, म्हणून ते बघायची वेळच येत नाही.

उडणारा पक्षी टिपायला मोटरनं झटपट फोकस करणारी नवी लेन्सच बरी, हे खरं. पण सगळे पक्षी काही सारखे उडत नसतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. पुढं तिला उजनी धरणाचा फुगवटा लागतो. दौंडहून सोलापूरकडं जाणाऱ्या गाडीनं भिगवणला उतरलं की पुढं याच पाणथळीवर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळत ते सावकाश चालतात. तासभर त्यांचा हाच उद्योग चालतो. हातानं फोकस करणाऱ्याला याहून चांगला पक्षी मिळणार नाही. काळापांढरा खंड्याही बरा, कारण सूर मारण्याआधी तो पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो. तेवढ्या वेळात कडी फिरवायची.

जुन्या लेन्सच्या खोडीही असतात. गर्द झाडीपुढच्या पांढऱ्या बगळ्याला जांभळी किंवा हिरवी किनार येते. काच निळा प्रकाश जास्त वाकवते आणि लाल कमी, म्हणून सगळे रंग एका जागी नीट जुळत नाहीत. छिद्र लहान केलं की किनार बरीच कमी होते. ऊन समोरून आलं तर फोटो फिका पडतो. म्हणून लेन्सपुढं झापड लावतात.

एका गोष्टीवर मात्र महागातल्या महाग लेन्सपाशीही उपाय नाही. शिरूर आणि दौंड हा पर्जन्यछायेतला, कोरडा भाग. एप्रिलच्या दुपारी माळ तापतो. गरम हवा वर उठताना प्रकाशाला इकडेतिकडे वाकवते आणि लांबचं सगळं थरथरतं. लेन्स ही थरथरही मोठी करून दाखवते. म्हणून फोटो काढायचे ते सकाळी.

आणि हे अगदी नीट ऐका : टेलिफोटो लेन्समधून सूर्याकडं कधीही बघायचं नाही, क्षणभरही नाही. भिंगानं कागद जळतो हे तुम्हाला माहीत आहे. ही लेन्सही तसंच ऊन एका जागी गोळा करते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. उन्हात उघडी लेन्स ठेवूही नका, पुढचं झाकण लावा.

घरात कुणाकडं फिल्मच्या काळातली लेन्स असेल, तर मोठ्यांना विचारून ती दिव्यासमोर धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ओलसर कपाटात ती काचेवरच्या लेपावर वाढते. लेन्स कोरड्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली तर बुरशी दूर राहते.

जाता जाता एक गणित. दौंडच्या शेजारी बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथं चिंकारा असतात. चिंकारा खांद्यापाशी ६५ सेंटिमीटर उंच धरा. तो ८० मीटरवर उभा आहे आणि तुमच्याकडं ३०० ची लेन्स आहे. सेन्सरवर त्याचं चित्र किती उंच पडेल? तुमच्या मनात ‘अजून जवळ जाऊ का?’ असं आलं असेल, तर नका जाऊ. तो पळेल आणि फोटो राहूनच जाईल.

(उत्तर : सुमारे २.४ मिलिमीटर)